खिडकी बंद, बेल बंद, ग्रुप मात्र चालू

खिडकीवाली | शनिवार, रात्री ११.५२

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "१४०३ मधून रात्री एक-दीड वाजता होणारा गोंगाट कृपया थांबवावा. प्रत्येकाच्या घरी आजारी माणसं असतात."

१४०३ म्हणजे आम्ही. मेसेज आला तो आमच्या बरोबर खालच्या घरातून. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. (लिफ्ट बंद होती त्या आठवड्यात मोजल्या होत्या.)

तासाभरात त्याखाली शंभरेक मेसेज. आधी अंगठे. मग "आजकालची मुलं". मग गेमिंगच्या व्यसनाची कुठलीशी बातमी. मग "पालकांनीच लक्ष द्यायला हवं". मग बी विंगमधल्या एकांनी तीन वर्षांपूर्वीचं पार्किंगचं भांडण उकरून काढलं. शेवटी पहाटे साडेपाचला एका आजींनी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं, तेव्हा कुठे थांबलं. मी पलंगावर पडून सगळं वाचत होते. माझ्या दहा फूट खाली ते काका-काकीही बहुतेक असाच फोन धरून पडले असणार.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट ही बंदुकांची ऑनलाइन गेम खेळतो. हेडफोन लावतो, पण बोलतो, कधी कधी ओरडतो. ते मान्य.

मला बोलायचंय ते वेगळंच. आम्ही मूळचे लालबागच्या चाळीतले. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामायिक गॅलरी. दार लागायचं ते फक्त झोपताना. कुणी रात्री रेडिओ मोठ्याने लावला तर शेजारचे भिंतीवर थाप मारायचे, वरचा मजला दणाणला तर खालून काठीने ठोकायचं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा नव्हत्या, पण निरोप पोचायचा आणि दुसऱ्या दिवशी नळावर तीच दोन माणसं एकमेकांची कळशी उचलायची.

पुनर्विकासात बावीस मजली टॉवर झाला. सहा वर्षं झाली ताबा मिळून. सुरुवातीला खिडक्या उघड्या असायच्या. आता दोन्ही बाजूंना खोदकाम चालू आहे. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. सासूबाईंना दमा आहे, म्हणून दिवाळीपासून खिडक्या बंद, कोपऱ्यात प्युरिफायर.

परवा लक्षात आलं की खिडकी उघडी असताना मला खालच्यांचं सगळं ठाऊक असायचं. बुधवारी बोंबील, कुकरच्या चार शिट्ट्या, काकांचा सकाळचा खोकला, नातवंडं आली की होणारा दंगा. आता मला त्यांचा फक्त डीपी माहीत आहे. तोही चाफ्याच्या फुलाचा.

हे माझ्याच बाबतीत झालंय का?

---

गिरणगावकर | रविवार, सकाळी ६.१५

झालं. चाळीच्या आठवणींचा नळ सुटला.

ताई, मी परळला वाढलो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. चाळीतल्या शेजाराला एवढं शेंदूर फासू नका. नळावर कळशी उचलायचे तसेच नळावर एकमेकींच्या झिंज्याही उपटायचे. कोणाच्या पोरीला कोण सोडायला आलं हे पूर्ण मजल्याला माहीत, आणि ते तिच्या बापाला सांगायला चार जण टपलेले.

हवेचंही तेच. गिरण्या चालू होत्या तेव्हा चिमण्यांचा धूर होता. वडील साच्यावर, म्हणजे मागावर होते, घरी यायचे तर भुवयांवर कापसाचे तंतू. रात्रभर खोकायचे. त्याला आम्ही प्रदूषण म्हणत नव्हतो, 'खात्यातला खोकला' म्हणायचो. जानेवारी १९८२ ला संप झाला आणि पुढे गिरण्या बसल्या, तेव्हा खोकला कमी झाला. पगारही बंद झाला, ते सोडा.

बाकी खिडकीचा मुद्दा पटला.

---

पॉपकॉर्नप्रेमी | रविवार, सकाळी ८.४०

बसलोय.

---

पिंगवीस | रविवार, सकाळी ११.०५

मी चोवीस वर्षांचा, इथे रोमात असतो (फक्त वाचतो, लिहीत नाही), आज तुमच्या मुलाचं वकीलपत्र घेतो.

सगळ्या आयांना एक गोष्ट कळत नाही, ऑनलाइन सामना पॉज होत नाही. व्हॅलोरंटमध्ये पाच विरुद्ध पाच. जो आधी तेरा राउंड जिंकेल तो जिंकला. १२-१२ झालं तर आणखी लांबतं. धरा ३५-४० मिनिटं. त्यात आईने "जरा दूध आण" म्हणून उठवलं, तर बाकीचे चौघं लटकले, आणि मध्येच सोडून गेल्याची शिक्षा म्हणून काही वेळ पुढचा सामनाच मिळत नाही. कॅरम अर्धा सोडून जाणाऱ्याला चाळीत काय म्हणायचे? तेच आम्हालाही ऐकावं लागतं, जास्त शिव्यांसकट.

रात्रीच का, तर आमच्या टीममधला एक ठाण्याला नोकरीला, टिटवाळ्याला राहतो. साडेनऊची गाडी चुकली की त्याला घरी पोचून जेवेपर्यंत साडेअकरा. दुसऱ्याच्या घरी एकच खोली, बहिणीचा अभ्यास संपेपर्यंत बोलायची चोरी. पाचही जण एकत्र यायची वेळ रात्री बारा. हे कोणी हौसेने ठरवलेलं नाही.

आणि ओरडण्याचं म्हणाल तर "मागे आहे, मागे आहे!" हे वेळेवर नाही सांगितलं तर सोबती मरतो. एकदा आमची आजी काठी घेऊन आली होती, तिला वाटलं घरात चोर शिरला.

---

कांजूरची काकू | रविवार, दुपारी १२.३०

पिंगवीस, आजीला साष्टांग नमस्कार सांग.

मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपची ॲडमिन आहे, ती पापं इथे फेडते. आधी एक ग्रुप होता. मग त्यात फार गुलाबफुलं येतात म्हणून 'फक्त कामाचं' असा दुसरा निघाला. त्यात भांडणं व्हायला लागली म्हणून 'फक्त सूचना', ज्यात मी सोडून कोणाला लिहिता येत नाही. मग लेडीज. मग लेडीजमधल्या दोघींना वगळून लेडीज. आता एका ग्रुपमध्ये हजारावर माणसं मावतात म्हणे, आमच्यात सव्वाशे घरं आहेत आणि ग्रुप सात.

माझं निरीक्षण सांगते. लोक ग्रुपवर तक्रार करतात ती ज्याच्याविषयी आहे त्याच्यासाठी नसतेच. ती बाकीच्यांसाठी असते. दारात जाऊन सांगितलं तर समोरचा "बरं" म्हणेल आणि विषय संपेल. ग्रुपवर टाकलं तर साठ जण बाजूने उभे राहतात. ती मजा दारात नाही.

अजून एक. आमच्या पोडियमवर पाटी आहे, 'चेंडूने खेळण्यास सक्त मनाई'. गच्चीला कुलूप. खाली गाड्या. पोरं घरात बसून गेम खेळली तर त्याचीही तक्रार. मग त्यांनी काय जिन्यात बसून भजनं म्हणायची?

---

अण्णा बोरीवली | रविवार, दुपारी २.१०

गेमचं कौतुक करणाऱ्यांनी जरा दुसरी बाजूही बघावी. माझ्या भाच्याने फोनवर रमी खेळून ऐंशी हजार घालवले. बहिणीने मंगळसूत्र गहाण टाकलं. हे सगळं रात्री अंथरुणात, पांघरुणाखाली. आवाज अजिबात नव्हता. ओरडत असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

---

पिंगवीस | रविवार, दुपारी २.२५

अण्णा, वाईट वाटलं वाचून. पण तो जुगार आहे, त्याला गेमिंग म्हणून त्यांनीच स्वतःला आमच्या रांगेत उभं केलं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यावर २८ टक्के जीएसटी लागला, तरी जाहिरातीत मोठमोठे चेहरे होतेच. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी, आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरले. आम्ही बंदुकीला नवा रंग लावायला पैसे घालवतो, तेवढा मूर्खपणा कबूल.

---

अण्णा बोरीवली | रविवार, दुपारी २.४०

बंदुकीच्या रंगाला पैसे?

---

पिंगवीस | रविवार, दुपारी २.४१

तो विषय नको.

---

हवाबाज | रविवार, सायंकाळी ५.१८

धुळीबद्दल थोडं, कारण धाग्यात सगळे खिडकीवरून गेमवर घसरले.

मुंबईला समुद्राचा मोठा आधार आहे. दुपारी खारा वारा आत येतो आणि दिवसभराची घाण ढकलून नेतो. ऑक्टोबर संपला की हा वारा उशिरा सुटतो आणि मंद असतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. म्हणजे पावसाळ्यात जी धूळ धुऊन जाते आणि उन्हाळ्यात उडून जाते, ती हिवाळ्यात आपल्याच डोक्यावर मुक्काम करते. सकाळी फिरायला जाणाऱ्या काकांनो, सर्वात वाईट वेळ तीच, सूर्य वर येऊन थर मोडेपर्यंत.

ॲपवरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा वाचताना फसू नका. आपल्याकडे १०१ ते २०० ला 'मध्यम' म्हणतात. १९० आला की लोक म्हणतात, चला, मध्यम आहे. पण बारीक कणांमुळे १९० आला असेल तर घनमीटरमागे ८७ मायक्रोग्रॅमच्या आसपास पीएम २.५, म्हणजे हेच बारीक कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसभरासाठी १५ सांगितलेत. आपली स्वतःची मर्यादा ६० आहे. शिवाय तो आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमच्या शेजारी आत्ता डंपर रिकामा झाला तर तो त्यात लगेच दिसणार नाही.

बांधकामांसाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली आहे. ७० मीटरपेक्षा उंच इमारत उभी राहत असेल तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे हवेत. बांधकामाला हिरवं कापड किंवा तागाचं आवरण, माल चढवता-उतरवताना पाण्याचा फवारा, गेटवर ट्रकची चाकं धुवायची सोय. खिडकीवाली, तुमच्या शेजारच्या प्लॉटवर यातलं काय काय आहे ते फोटो काढून बघा. तक्रार करताना 'धूळ येते' असं लिहू नका, 'पत्रे अमुक फूट कमी आहेत, चाकं धूत नाहीत' असं लिहा.

---

स्लॅबवाला | रविवार, सायंकाळी ६.०२

मी बांधकामातलाच आहे, शिव्या देऊ नका. पत्र्यांचं बरोबर सांगितलंय.

आवाजाबद्दल एक तांत्रिक मुद्दा. बोलण्याचा आवाज हवेतून येतो आणि आरसीसी स्लॅब त्याला बऱ्यापैकी अडवतो. स्लॅबमधून खाली जातो तो आघाताचा आवाज, म्हणजे खलबत्ता, टाचा, ओढलेलं फर्निचर. खिडक्या बंद असताना चौदाव्या मजल्यावरचं बोलणं तेराव्यावर झोपमोड करेल इतकं ऐकू जाणं मला अवघड वाटतं. नक्की कसला आवाज येतो ते विचारलंत का?

---

न्यूजर्सीकर जुना | रविवार, रात्री ८.३०

इकडे रात्री दहानंतर शेजारी थेट पोलिसांना फोन करतात. दोन मिनिटांत गाडी. इतकी शिस्त आहे.

---

गिरणगावकर | रविवार, रात्री ८.४४

छान. म्हणजे आमचे निदान ग्रुपवर तरी टाकतात.

---

पॉपकॉर्नप्रेमी | रविवार, रात्री ८.४५

:)

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३.२०

कामावर आहे, शांतता आहे, म्हणून लांब लिहितो.

आमच्या वेळी सायबर कॅफे होते. तासाला वीस रुपये, एज ऑफ एम्पायर्स. शेजारच्या खुर्चीवरच शत्रू बसलेला असायचा, त्यामुळे हरलो की टपली मारता यायची. मग ऑर्कुट ही सोशल साइट आली. तिथे आमच्या कॉलेजची, आमच्या रेल्वे स्टेशनची, वडापावच्या गाडीचीसुद्धा कम्युनिटी होती. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झालं तेव्हा त्यातल्या निम्म्या माणसांना मी कायमचा मुकलो, कारण त्यांची खरी नावंच माहीत नव्हती.

एप्रिल २०२१ ची गोष्ट सांगायची आहे. वडिलांचं ऑक्सिजन ८६ वर आलं. कुठे बेड नाही. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मी लिहिलं, तर पहिला प्रश्न आला, "मजला सील होणार का?" दुसरा, "लिफ्ट सॅनिटाइझ केली का?" मी फोन बाजूला ठेवला. मी तेव्हा बंदी आलेल्या पबजीच्या जागी दुसरी एक ऑनलाइन गेम खेळायचो, चार जणांचं पथक. त्यांना त्या रात्री कळवलं की आज जमणार नाही, वडील असे आहेत. त्यातला एक मीरा रोडचा निघाला. त्याला मी दीड वर्ष फक्त आवाजावरून ओळखत होतो. त्याच्या मामाकडे ऑक्सिजन काँसन्ट्रेटर होता. रात्री अडीचला स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आला. मास्क होता, म्हणून चेहरा तेव्हाही दिसला नाही.

वडील वाचले. तेव्हापासून शेजारी कोणाला म्हणायचं याबद्दल माझं मत जरा बिघडलेलं आहे.

---

शीवकर | सोमवार, सकाळी ७.५०

रात्रपाळी, वाचून सुन्न झालो. पण याच्या अगदी उलट माझ्याकडे घडलंय, तेही नोंदवतो. त्याच वर्षी आम्ही चौघंही आडवे. समोरच्या मारवाडी भाभींनी सतरा दिवस दोन वेळचा डबा दाराला लटकवला. त्या कुठल्याच ग्रुपवर नाहीत. साधा फोन वापरतात. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की गट्ट्याची भाजी किती प्रकारची असते.

आणि २००५ ची २६ जुलै. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी. मी कलिन्याहून शीवला छातीभर पाण्यातून चालत आलो. फोन लागत नव्हते. रस्त्याकडेच्या झोपडपट्टीतली बाई घरात गुडघाभर पाणी असताना पत्र्यावर बसून लोकांना चहा देत होती. तिचं नाव नाही, नंबर नाही, कधी आभार मानले नाहीत.

---

धुराडी माहुल | सोमवार, सकाळी ९.३०

लालबागच्या धुळीवर एवढं बोलताय, आमच्याकडे या. एका बाजूला रिफायनरी, दुसऱ्या बाजूला देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग, जे १९२७ पासून आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा कित्येक दिवस शाळेतली पोरं खोकत होती. आम्ही खिडकी धूळ आहे म्हणून बंद करत नाही, वास येतो म्हणून करतो. वासावरून सांगतो वारा कुठून आहे.

ताई, तुमचं दुःख कमी लेखत नाही. फक्त प्युरिफायर परवडणाऱ्यांच्या खिडक्या बंद होतात, बाकीच्यांच्या खिडक्यांना मुळात काचाच नसतात, एवढंच.

---

संपादक | सोमवार, सकाळी १०.१५

न्यूजर्सीबद्दलचे तीन प्रतिसाद आणि त्यांना आलेले अकरा उपप्रतिसाद उडवले आहेत. चर्चा विषयावर आणा.

---

खिडकीवाली | सोमवार, दुपारी १.२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. धुराडी, तुमचं खरं आहे, मला उत्तर नाही.

हवाबाज, बाल्कनीतून पत्रे बघितले. निम्म्या प्लॉटला आहेत, उरलेल्या निम्म्याला बिल्डरच्या जाहिरातीचं कापड आहे. त्यावर समुद्र आणि नारळाची झाडं छापलीत. त्या समुद्रामागून धूळ येते.

प्युरिफायरचा एक किस्सा. गेल्या आठवड्यात त्याचा दिवा एकदम लाल झाला. मी बिल्डरला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग बघितलं तर सासूबाईंनी देवाजवळ धूप लावला होता आणि मी कढीला फोडणी दिली होती. बाहेरची धूळ नव्हतीच, ती आमचीच होती.

---

हवाबाज | सोमवार, दुपारी १.५५

बरोबर. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, तडका, सगळ्याचा धूर म्हणजे तेच बारीक कण. बंद घरात ते बाहेरच्यापेक्षा वर जातात. दमा असलेल्यांच्या खोलीत धूप-कॉइल अजिबात नको. आणि खिडक्या चोवीस तास बंद ठेवू नका. दुपारी वारा सुटला की, साधारण दोन ते चारमध्ये, अर्धा तास उघडा. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट आधी लावा, मोहरी तडतडल्यावर नाही.

---

कांजूरची काकू | सोमवार, दुपारी २.०५

मोहरी तडतडल्यावरच तर आठवतो.

---

स्लॅबवाला | सोमवार, दुपारी २.३०

माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. असो.

---

खिडकीवाली | मंगळवार, रात्री १०.४०

स्लॅबवाला, तुम्हाला दंडवत.

आज संध्याकाळी गेले खाली. अठरा पायऱ्या. हातात रिकामं जाऊ नये म्हणून मटकीची उसळ वाटीत घेतली, मग वाटलं लाच दिल्यासारखं दिसेल, परत ठेवली, मग परत घेतली. बेल वाजवली तर बेलच बंद. म्हणाले, डिलिव्हरीवाल्यांमुळे दिवसा काढूनच ठेवतो. कडी वाजवली.

काकांनी दार उघडलं. मी सरळ म्हटलं, "काका, माझा मुलगा ओरडतो त्याबद्दल माफ करा." ते म्हणाले, "ओरडतो? कोण ओरडतो?"

त्यांना त्याचं ओरडणं कधीच ऐकू आलेलं नाही. त्यांना ऐकू येते ती गडगड. "कोणीतरी लोखंडी गोळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलतंय असं वाटतं," म्हणाले. काकी आतल्या खोलीत पडून होत्या, त्या आतून ओरडल्या, "मी गडगडच लिहिणार होते! पण ग्रुपवर ते बरं दिसेना म्हणून गोंगाट लिहिलं."

खुर्ची. गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या इंटर्नशिपच्या पैशांतून चाकांची गेमिंगची खुर्ची घेतली. राउंड संपला की मागे सरकतो, सुरू झाला की पुढे. टाइल्सवर. १३०३ मध्ये बरोबर त्याखाली काकींचा पलंग आहे.

काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तीन आठवडे झाले. दुखण्याने रात्री झोप येत नाही, आणि एक वाजता जरा डोळा लागतो तेव्हा वर गडगड सुरू. मला ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. मी तसं म्हटल्यावर काकी काही बोलल्या नाहीत, उसळीची वाटी उशाशी ठेवून घेतली.

वर आल्यावर ग्रुपवर मागे मागे जाऊन पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी टाकलं होतं, १३०३ च्या काकींचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. खाली चाळीस जणांचे जोडलेले हात. त्यात एक जोडी माझी आहे.

---

गिरणगावकर | मंगळवार, रात्री १०.५५

आम्ही इथे तीन दिवस गेमिंग, जुगार, न्यू जर्सी सगळं करून बसलो आणि शेवटी निघाली खुर्चीची चाकं.

---

पिंगवीस | मंगळवार, रात्री ११.०२

खुर्चीला रबराची चाकं मिळतात, मऊ. टाइल्ससाठीच असतात. मुलाला सांगा. तोपर्यंत खाली काहीतरी अंथरा. आणि त्याला म्हणावं, क्लच राउंडला (टीममधला एकटाच उरतो तेव्हा) पुढे-मागे सरकू नये, नेम हलतो.

---

खिडकीवाली | मंगळवार, रात्री ११.१०

चाळीतली सतरंजी माळ्यावर होती, ती दुपदरी करून घातली. गणपतीत गॅलरीत अंथरायचो ती. त्याला म्हटलं हे 'मॅट' आहे. त्याने गुपचूप घेतलं, कारण उसळ घेऊन मी गेले होते, तो नव्हता, त्याची त्याला लाज वाटत होती. उद्या तो त्यांच्या फोनवर फिजिओथेरपीचे व्हिडिओ लावून द्यायला जाणार आहे. काकांना ते मोठ्या अक्षरात हवेत.

ग्रुपवर मी काही लिहिलेलं नाही. तिथे अजून "पालकांनी" चालू आहे.

---

पॉपकॉर्नप्रेमी | मंगळवार, रात्री ११.१५

लिहा की! लोकांना शेवट कळायला नको?

---

कांजूरची काकू | मंगळवार, रात्री ११.३०

लिहू नका. लिहिलंत तर खुर्च्यांवर ठराव येईल.

---

अण्णा बोरीवली | बुधवार, सकाळी ७.२०

अवांतर: खिडकीला धुळीची जाळी बसवणारा सुतार कोणाला माहीत आहे का? बोरीवली ते कांदिवली. डासांची जाळी नको, ती आहे.

---

हवाबाज | बुधवार, सकाळी ८.०५

अण्णा, जाळीने मोठी धूळ अडते, पीएम २.५ अडत नाही. ते केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे असतात. टीपॉय स्वच्छ राहील, फुप्फुसं नाही. तरी बसवा, पुसण्याचं काम वाचतं.

---

खिडकीवाली | बुधवार, रात्री ११.४८

काल रात्री काकी झोपल्या म्हणे. आमच्याकडे सगळं शांत होतं, खुर्ची सतरंजीवर. आणि त्या शांततेत पहिल्यांदाच ऐकू आलं, आमच्या डोक्यावर, १५०३ मध्ये, काहीतरी घरंगळतंय.

उसळ संपली आहे. उद्या मेथीचे ठेपले घेऊन वर जाते.